संत्र्याच्या गावातली रानमोहरी

मे महिन्यातल्या एका दुपारी माझा मामा काटोलहून नागपूरला आला आणि घरी जायच्या आधी माझ्या कॉलेजवर थांबला. बाहेर पारा ४५ वर गेला होता. आमच्या रोपांच्या खोलीत २२ अंश. ट्यूबलाइट लावलेल्या मांडण्या, त्यांवर ट्रे, ट्रेमध्ये चहाच्या कपाएवढ्या कुंड्या आणि प्रत्येक कुंडीत जमिनीला चिकटून पसरलेला पानांचा एक चपटा गोल. मामा वाकला, चष्मा वर केला, बराच वेळ पाहत राहिला.

"काय वं, हे तं तण होय. आमी मजूर लावून तण काढतो, अन् तू याले एसीत ठेवून राहिली?"

मामाची नजर पक्की आहे. ते तणच आहे. त्याचं शास्त्रीय नाव अरॅबिडॉप्सिस थॅलियाना. मराठीत नाव नाही, कारण आपल्या शेतात ते उगवतच नाही. युरोपात रस्त्याच्या कडेला, दगडी भिंतींच्या फटीत आणि आपल्याकडे पश्चिम हिमालयात ते आपोआप येतं. मी त्याला रानमोहरी म्हणते, कारण कूळ मोहरीचंच आहे: मोहरी, मुळा, कोबी, फुलकोबी, नवलकोल, अहाळीव या सगळ्यांचं. चार पाकळ्यांचं क्रॉससारखं फूल, आत चार लांब आणि दोन आखूड पुंकेसर आणि पिकल्यावर दोन्ही बाजूंनी उकलणारी बारीक शेंग. फूल जेमतेम तीन मिलिमीटरचं, पांढरं. झाड वीतभर, फार तर तीस सेंटिमीटर. ना भाजी होते, ना तेल निघतं.

पण झाडांबद्दल आज आपल्याला जे कळतं, त्यातलं कितीतरी या तणाने सांगितलेलं आहे. फूल कधी यायचं हे झाड कसं ठरवतं, ऊन-थंडी कशी ओळखतं, कीड आली की काय करतं, ही उत्तरं आधी इथे सापडली आणि मग भात, गहू, संत्र्यापर्यंत गेली. त्याची निगा राखणं म्हणजे त्याला एकेक प्रश्न विचारणं, असं मला वाटतं. म्हणून मामाला त्या दिवशी जे सांगितलं, ते इथे जरा नीट लिहिते.

हेच तण का निवडलं, याचं कारण साधं आहे. बी पेरल्यापासून नवं बी हातात येईपर्यंत सहा ते आठ आठवडे लागतात. मामाच्या संत्र्याला पहिला बहार यायला चार-पाच वर्षं जातात, तीही जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून कलम केलेलं असेल तर. बियांपासून वाढवलं तर आणखी वर्षं. शिवाय रानमोहरीचं फूल उमलण्याआधीच स्वतःच्या परागाने फळतं, त्यामुळे वाण शुद्ध राहतो आणि एकेका झाडापासून हजारो बिया मिळतात. गुणसूत्रांच्या फक्त पाच जोड्या. फ्रीडरिश लायबाख नावाच्या जर्मन अभ्यासकाने त्या १९०७ साली मोजल्या आणि पुढे १९४३ मध्ये आनुवंशिकीच्या अभ्यासासाठी हीच वनस्पती घ्या असं सुचवलं. डिसेंबर २००० मध्ये तिचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला. वनस्पतींमधला तो पहिला. डीएनएची सुमारे साडेबारा कोटी अक्षरं आणि पंचवीस हजारांवर जनुकं. गव्हाच्या जनुकसंचात सोळाशे कोटींच्या आसपास अक्षरं असतात, म्हणजे हे गव्हाच्या पोथीपुढे पातळसं पुस्तक. पण झाडाला जगायला जे लागतं ते सगळं त्यात आहे.

आता पेरणी. बी इतकं बारीक की चिमटीत घेतलं तर शंभर-दोनशे येतील. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. एका ग्रॅममध्ये पन्नास हजारांच्या घरात बिया बसतात. पहिल्या वर्षी माझे विद्यार्थी सवयीने बी मातीखाली दाबायचे आणि काही उगवायचं नाही. या बियांना उगवायला उजेड लागतो. बियांच्या आत फायटोक्रोम नावाचं एक प्रथिन असतं. लाल प्रकाश पडला की ते जागं होतं, अंधारात हळूहळू झोपतं. इतक्या बारीक दाण्यात अन्नाचा साठा अगदी थोडा असतो, त्यामुळे खोल मातीत कोंब फुटला तर तो वर येईपर्यंत संपून जाईल. बी वाट पाहतं ते त्यासाठी. तेव्हा बी पाण्यात कालवायचं आणि ड्रॉपरने ओल्या मातीवर एकेक थेंब सोडायचा. वर माती टाकायची नाही.

दुसरी गोष्ट थंडी. पेरलेल्या कुंड्या प्लास्टिकने झाकून तीन-चार दिवस फ्रीजमध्ये, ४ अंशांवर. कोरडं बी फ्रीजमध्ये ठेवून हा उपयोग होत नाही, ते ओलंच हवं. ताज्या बियांत झोप भरलेली असते. ओल आणि गारवा एकत्र मिळाला की ती मोडते आणि सगळ्या बिया एकाच वेळी उगवतात. प्रयोगासाठी हे एकसारखेपण फार मोलाचं. फ्रीजमधून काढल्यावर तीन ते पाच दिवसांत हिरवे ठिपके दिसतात. प्लास्टिक एकदम काढू नका, दोन-तीन दिवसांत कडेने थोडं थोडं उघडत न्या, नाहीतर नागपूरच्या कोरड्या हवेत कोवळी रोपं तासाभरात माना टाकतात. मग विरळणी करायची: एका कुंडीत एक रोप.

मातीबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते. आपली काळी माती इथे चालत नाही. कपाशीला ती आई आहे, पण ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते आणि तिचा सामू अल्कलीकडे झुकलेला असतो. रानमोहरीची मुळं केसासारखी. तिला भुसभुशीत, किंचित आम्लाकडे झुकलेलं काहीतरी लागतं. भिजवून धुतलेलं कोकोपीट (नारळाचा भुसा) आणि पर्लाईट, व्हर्मिक्युलाईट ही हलकी खनिजं यांचं मिश्रण आम्ही वापरतो. पाणी वरून घालायचं नाही. ट्रेमध्ये बोटाच्या पेराएवढं पाणी ओतायचं, अर्ध्या तासात कुंडी हवं तेवढं ओढून घेते, उरलेलं काढून टाकायचं. पुढचं पाणी कुंडी उचलल्यावर हलकी लागली की. नव्याने हे काम करणारा बहुतेक वेळा जास्त पाणी देऊन झाड मारतो, कमी देऊन नाही. सतत ओल्या मातीवर शेवाळ चढतं, मग त्यावर बारीक काळी चिलटं येतात आणि त्यांच्या अळ्या मुळं खातात.

यापुढचा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. तो म्हणजे झाडाचं घड्याळ.

रानमोहरीला रोज १६ तास उजेड दिला तर साधारण चौथ्या आठवड्यात मधोमध एक दांडा वर येतो आणि फुलं लागतात. तिलाच ८ तास उजेड दिला तर ती दोन-अडीच महिने नुसती पानं करत बसते. पानांचा गोल मोठा आणि देखणा होतो, पण दांडा नाही. नागपूरचं आकाश तिला १६ तास कधीच देत नाही. आपल्याकडे डिसेंबरचा दिवस अकरा तासांच्या आसपास, जूनचाही साडेतेरा तासांच्या आतच. म्हणून ट्यूबलाइट आणि टायमर.

पण झाडाला तास कसे मोजता येतात? प्रत्येक पेशीत दिवस-रात्रीचा ठेका धरणारं एक घड्याळ चालू असतं. त्या घड्याळाच्या तालावर पानात दुपार टळल्यावर एक प्रथिन तयार होऊ लागतं. त्याला आपण निरोप्या म्हणू. निरोप्या अंधारात टिकत नाही, लगेच मोडला जातो. उजेडात टिकतो. दिवस लहान असेल तर निरोप्या तयार होईपर्यंत बाहेर काळोख पडलेला असतो आणि निरोप पोचतच नाही. दिवस मोठा असेल तर निरोप्या आणि उजेड यांची गाठ पडते. मग तो एफटी नावाचं दुसरं, इवलंसं प्रथिन बनवायला लावतो. हे एफटी पानातून निघतं, अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांतून शेंड्यापर्यंत जातं आणि तिथे जाऊन सांगतं: आता पान नको, फूल कर.

पानात असं काहीतरी बनतं आणि शेंड्याकडे जातं, हे सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल चाइलाख्यान यांनी १९३० च्या दशकातच मांडलं होतं. त्याला फ्लोरिजेन असं नावही दिलं होतं. पण ते नेमकं काय, हे सत्तर वर्षं कुणाच्या हाती लागलं नाही. २००७ मध्ये रानमोहरीत आणि भातात, दोन्हीकडे, हा प्रवास करणारं प्रथिन एफटीच (भातात त्याचं भावंड) आहे हे दाखवलं गेलं. पानाच्या देठाकडे पाहिलं की मला दर वेळी वाटतं, इथून आत्ता निरोप चालला असेल.

मामाने इथे मला थांबवलं. "मंग ताणाचं काय?"

विदर्भात संत्रा लावणाऱ्याला ताण समजावून सांगावा लागत नाही. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात बगिच्याचं पाणी तोडायचं, झाड सुकायला येऊ द्यायचं, मग पाऊस पडला की झाड फुलतं. आंबिया बहाराला ताण थंडीचा. डिसेंबर-जानेवारीत गारव्याने वाढ थांबते, पाणीही बंद ठेवतात, जानेवारीच्या मध्यात पाणी सोडलं की फेब्रुवारीत बगीचा फुलांच्या वासाने भरतो. झाडाला आधी थांबवल्याशिवाय ते फुलत नाही, हे मामाला त्याच्या बापाने शिकवलं. त्या थांबण्यात झाडाच्या आत काय होतं, हा त्याचा प्रश्न होता.

रानमोहरीच्या काही ओळी, म्हणजे तिचे वेगवेगळे वाण, अशाच असतात. थंड देशांतल्या कित्येक ओळी शरदात उगवतात, पानांचा गोल करून बर्फाखाली हिवाळा काढतात आणि वसंतात फुलतात. त्यांना थंडी दिलीच नाही तर १६ तास उजेड देऊनही त्या महिनोन् महिने फुलत नाहीत. त्यांच्यात एफएलसी नावाचं जनुक ब्रेकसारखं काम करतं. जोवर ते चालू आहे तोवर एफटी दबलेलं राहतं. थंडीने तो ब्रेक सुटतो. एक रात्र गार पडून भागत नाही, काही आठवडे सलग थंडी लागते. नाहीतर नोव्हेंबरातल्या चार गार दिवसांनाच वसंत समजून झाड फसलं असतं.

आठवडे मोजतं कसं, तर त्याचं उत्तर फार सुंदर आहे. पेशीतला डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. सैल गुंडाळलेला भाग वाचता येतो, आवळलेला वाचता येत नाही. थंडीत एफएलसीचा भाग आवळला जातो, पण सगळ्या पेशींत एकदम नाही. एखाद्या वाड्यात रोज थोड्या थोड्या खोल्यांतले दिवे विझावेत, तसं आज काही पेशींत, उद्या आणखी काही. अर्धवट मंद दिवा कुठेच नाही, एक तर चालू नाहीतर बंद. जितकी थंडी लांबते तितक्या खोल्या अंधारतात. आणि ऊब आली तरी विझलेला दिवा विझलेलाच राहतो. पेशी दुभंगली तरी नव्या पेशींना ती आठवण मिळते. झाडाला मेंदू नाही, पण गेलेला हिवाळा त्याच्या लक्षात असतो. नवं बी तयार होताना मात्र पाटी पुसली जाते, कारण पुढच्या पिढीने आपला हिवाळा आपण मोजायचा असतो. इंग्लंडमधल्या नॉरिचच्या जॉन इनेस सेंटरमध्ये कॅरोलाइन डीन यांनी अनेक वर्षं याच एका जनुकाचा माग काढला.

मामाला मी हेही सांगितलं की संत्र्याच्या झाडात सगळं असंच्या असं होत नाही. संत्रा सदाहरित. तिथे गारव्यात एफटीच्या भावंडाचं प्रमाण हळूहळू वाढत जातं असं लिंबूवर्गीय झाडांत दिसलं आहे. ब्रेक वेगळा असेल, पण फुलाचा निरोप तोच. आणि याचा पुरावा खुद्द लिंबूवर्गातच आहे. २००१ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी रानमोहरीची फूल घडवणारी दोन जनुकं, लीफी आणि अपेटाला-१, सिट्रेंज या लिंबूवर्गीय खुंटाच्या रोपांत घातली. एरवी ज्यांना फुलायला कित्येक वर्षं लागली असती, ती रोपं पहिल्याच वर्षी फुलली आणि फळलीही. ही झाडं बाजारासाठी नव्हती. पण नवा वाण तयार करणाऱ्याची अर्धी जिंदगी पहिलं फूल दिसायची वाट पाहण्यात जाते, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या एका वर्षाची किंमत कळेल. आपल्याच नागपुरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. तिथल्या बागेत उभं राहिलं की मला हे तण आठवतं.

मामा काही बोलला नाही. फक्त ट्रे थोडा पुढे सरकवून परत पाहू लागला.

नागपूरमधल्या निगेत खरी लढाई उष्णतेशी असते. दोन उन्हाळ्यांपूर्वी एका शनिवारी दुपारी खोलीचा एसी बंद पडला आणि आम्हाला ते सोमवारी कळलं. खोली तापली होती, तरी रोपं मेली नव्हती. पण आठवड्याची कोवळी रोपं दोऱ्यासारखी उंच झाली होती आणि मोठ्या रोपांची पानं जमिनीवरून उचलून हात वर केल्यासारखी उभी होती. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी पाहत राहावंसंही वाटलं. २८ अंशांच्या पुढे ही झाडं असंच करतात. तापलेल्या मातीपासून दूर जाणं आणि पानांखालून वारा खेळू देणं, हा त्यांचा अंग गार ठेवण्याचा मार्ग. हे तापमान त्यांना कळतं तेही त्याच फायटोक्रोम प्रथिनामुळे, जे बियांना उजेड सांगतं. ऊब वाढली की ते लवकर झोपतं, आणि ते झोपलं की वाढीवरचा लगाम सैल होतो. फायटोक्रोम तापमापकाचंही काम करतं, हे २०१६ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. त्या सोमवारच्या ट्रेचे फोटो मी अजून वर्गात दाखवते. ३० च्या पुढे मात्र कौतुक संपतं: पराग बिघडतो, शेंगा आखूड राहतात, आत दाणे थोडे.

एसी नसलेल्या शाळा-कॉलेजांनी काय करावं, असं मला शिक्षक विचारतात. त्यांनी उन्हाळा सोडून द्यावा. कूलरवर ही झाडं वाढवू नयेत. कूलर हवा गार करतो पण दमट करतो, आणि दमट कोंदट खोलीत पानांवर भुरी पडते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत नागपूरची साधी, उत्तरेकडच्या खिडकीची खोली पुरते. वर एलईडी ट्यूब हातभर उंचीवर, टायमर १६ तासांवर. थेट ऊन नको. गच्चीवरच्या उन्हात पानं जांभळी पडतात, ते झाडाने स्वतःवर ओढून घेतलेलं छप्पर असतं. नवशिक्यांनी कोलंबिया नावाची ओळ घ्यावी. तिचा थंडीचा ब्रेक जन्मतःच कमजोर आहे, ती हिवाळा न मागता फुलते. जगभर सगळ्यात जास्त हीच वापरतात. बी संशोधन संस्थांकडून, रीतसर मागून घ्यावं. आणि जनुक बदललेल्या ओळी वाढवायच्या असतील तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी. त्यांचं बी, माती, वाळलेला पाला यातलं काहीही निर्जंतुक न करता खोलीबाहेर जाता कामा नये. यात कुणी ढिलाई केली तर मी ऐकून घेत नाही.

कीड कमीच येते, पण आली की झपाट्याने. मावा, फुलकिडे, आणि शेजारी कुणी कोबी लावला असेल तर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. मोहरी दाताखाली चिरडली की जो तिखट झणका नाकात जातो, तो मुळात किड्यांसाठी आहे. पानात दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात. अख्ख्या पानात त्या भेटत नाहीत, म्हणून पान शांत असतं. किड्याने चावा घेतला की कप्पे फुटतात, दोन्ही मिसळतात आणि जागच्या जागी जहाल तेल तयार होतं. फोडणीआधी मोहरी वाटून पाणी घातल्यावर जे होतं, तेच. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीला मात्र यावर तोड सापडली आहे. तिच्या पोटातलं एक विकर (एन्झाइम) दोघं भेटायच्या आतच एकाला निकामी करतं, म्हणून कोबीच्या शेतात ती एवढी माजते. आमच्याकडे उपाय जुनेच: चिकट पिवळे सापळे, रोज सकाळी एक नजर, आणि लागण झालेला ट्रे जीव घट्ट करून बाहेर.

शेंगा पिवळ्या पडू लागल्या की पाणी तोडायचं. दांड्याला बांबूची काडी, वरून कागदी पिशवी, कारण वाळलेली शेंग धक्क्याने उकलते आणि एका ओळीचं बी दुसरीत मिसळलं तर महिन्यांची मेहनत गेली. दोन आठवडे सुकवून चहाच्या गाळणीतून गाळलं की बी खाली, भुसकट वर. डबीत सिलिका जेलची पुडी, डबीवर ओळीचं नाव आणि तारीख.

अशाच एका डबीतलं बी १९८२ मध्ये सोव्हिएत सॅल्युत-७ स्थानकावर पेरलं गेलं होतं आणि अंतराळात बीपासून बीपर्यंत पोचलेली पहिली वनस्पती हीच ठरली. २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या मातीत, प्रत्येक रोपाला एक ग्रॅमहूनही कमी, हे बी रुजवलं. उगवलं सगळीकडे, पण वाढ खुरटी, काही पानं जांभळट. मामाला चंद्राचं फार नवल वाटलं नाही. तो परत थंडीकडे वळला.

"कोनत्या झाडाले किती दिवस थंडी लागते, हे तुमाले मोजता येते?"

या झाडाचं येतं, म्हटलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात थंडी मागणाऱ्या एका ओळीच्या वीस कुंड्या मंद दिवा लावलेल्या थंड कपाटात ठेवल्या आहेत, ४ अंशांवर, सहा आठवड्यांसाठी. आठवड्याला तीन कुंड्या बाहेर काढून १६ तासांच्या उजेडात ठेवते आणि कोणती कधी दांडा काढते ते लिहून ठेवते. शेवटच्या दोन जानेवारीच्या मध्यात निघतील. मामा त्याच सुमारास आंबियाचं पाणी सोडतो. त्याने काल फोन करून पहिल्या तीन कुंड्यांचं काय झालं ते विचारलं. अजून नुसती पानंच आहेत, सांगितलं.